ओवाळणीचं घड्याळ

एरवी पाकिटावर भागवणाऱ्या विद्याधरने या भाऊबीजेला कुंदाताईच्या मनगटावर सोन्याचं क्रोनोग्राफ घड्याळ बांधलं आणि मगच तो पाटावर बसला. भाऊ एवढा सढळ झालेला पाहून ताई हरखली.

"ताई, ते दरवर्षीचं म्हण ना. जरा मोठ्यानं."

ओवाळता ओवाळता ती म्हणाली, "माझं आयुष्य तुला लाभो."

"संमती मिळाली," घड्याळ गोड आवाजात बोललं. 'वर्षे' लिहिलेल्या छोट्या तबकडीतला काटा उलटा फिरू लागला. विद्याधरच्या हातातल्या जोडीच्या घड्याळात तोच काटा सुलटा. ताईने पट्टा ओढला, पण तो सुटेना.

"सगळं नाही घेत गं, चार-पाच वर्षंच," विद्याधर नजर चुकवत म्हणाला.

"दरवर्षी मनापासून म्हणत होते रे मी," ताई म्हणाली. "आता पुढच्या भाऊबीजेला तुझ्यासाठी काय मागू?"