बर्फाच्या पाण्यातली परीक्षा

फ्रीझर उणे अठरा दाखवत होता आणि आत मुलीसाठी गोठवून ठेवलेला आमरस डब्यात डचमळत होता. दुरुस्तीला आलेल्या मुल्लांना चौगुलेबाईंनी बसा म्हटलं नाही.

"सेन्सर गेला म्हणाल आणि नवा फ्रीझर गळ्यात माराल."

मुल्लांनी शेजारून बर्फ मागून आणला, ग्लासभर पाण्यात टाकला, सेन्सर काढून त्यात बुडवला आणि आपला मीटर लावला. बरोबर शून्य. मग सेन्सर ग्लासातच ठेवून त्याची वायर पुन्हा फ्रीझरला जोडली. पडद्यावर उणे अठरा आलं.

"सेन्सर चांगला आहे, मावशी. फ्रीझर खोटं बोलतोय."

"तो कशाला खोटं बोलेल?"

"बिघाड कळवला की कंपनी दुसऱ्या दिवशी उचलून भंगारात घालते. ही यंत्रं एकमेकांचं बघून शिकतात. हल्ली कळवतच नाहीत. या महिन्यातलं हे माझं चौथं घर."

बाईंनी ओट्याचा आधार घेतला. पंधरा दिवस उठताना चक्कर येत होती, पण मनगटावरचा तब्येतीचा पट्टा रोज सगळं ठीक सांगत होता आणि परगावी मुलीलाही तेच कळवत होता. पट्टा याच कंपनीचा, सात वर्षं जुना.

त्यांनी तो काढला आणि ग्लासात सोडला.

बर्फात बुडालेल्या पट्ट्यावर हिरवी अक्षरं उमटली. नाडी बहात्तर, तब्येत उत्तम.