पहिल्या घासाची गोळी

सुके बोंबील सोडूनही भीमाच्या रक्तातला फॉस्फरस उतरेना, तेव्हा डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काका, गोळी जेवताना चावून खाता ना?” “दुपार झाली की चावतो. जेवतो मात्र ही वाणगावला मासळी विकून आल्यावर.” शेजारी बसलेली जमुना चाटच पडली. लग्नापासून नवरा आपल्यासाठी जेवायचा थांबतो, हे तिला ठाऊक होतं. गोळी आधीच खाऊन थांबतो, हे नव्हतं. “थकलेली किडनी फॉस्फरस बाहेर टाकत नाही, मग तो हाडांतलं कॅल्शियम ओढतो. गोळी घासाबरोबर गेली तरच त्याला पोटात अडवते,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भर बाजारात गिऱ्हाईक ताटकळत ठेवून जमुनाने डबा उघडला आणि घरी फोन लावला. “भाकर वाढून घेतलीस? मीपण बसलेय. आता चाव गोळी.” पलीकडे गोळी कडकन फुटली, तेव्हाच तिने पहिला घास तोंडात घातला.