मुळीकचं चाक

मुळीकच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. त्यानं फलटणहून लिहिलं होतं, "चुंबक आणि तारेच्या गुंडाळ्यांवर चाक फिरतंय, विजेशिवाय. गणपतीत सगळ्या गल्लीसमोर दाखवणार आहे. तू भौतिकशास्त्राचा मास्तर, अध्यक्ष म्हणून ये." असं चाक फिरणं शक्य नाही, हे जुन्या मित्राला कसं कळवावं ते मला सुचेना.

गणपती तोंडावर आले तेव्हा त्यानं पाठवलेल्या आकृतीवरून मीच एक चाक केलं. पुठ्ठ्याची चकती, कडेला तिरके चिकटवलेले छोटे चुंबक, भोवती तारेच्या गुंडाळ्या. बोटानं जरासं ढकललं आणि ते फिरतच राहिलं.

"आयुष्यभर मुलांना चुकीचं शिकवलं की काय मी?" मी बायकोला विचारलं.

"शिकवलं असेल. आधी सरका, मला पीठ चाळायचंय," म्हणत तिनं डोक्यावरचा पंखा बंद केला. पंखा मंदावला, तसं चाकही मंदावलं आणि थांबलं.

"गेली तुमची फुकटची वीज," ती म्हणाली.

मी लिहायला बसलो. "मुळीक, चाक माझ्याकडेही फिरलं आणि मी पुरता फसलो. गल्ली जमवण्याआधी एकदा पंखा बंद करून बघ, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. मी येतोय. अध्यक्ष म्हणून नाही, तुझ्या शेजारी बसायला."

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून तसाच उठलो, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो.