दावणीची गुरं

बर्फाखालच्या भेगांत कुणी पडू नये म्हणून हिमनदीवर पायदळाचे जवान एकाच दोराला कमरा बांधून चालत. वज्र पथकाचे कमांडो त्यांना ‘दावणीची गुरं’ म्हणून हसत. कमांडोंच्या मेंदूत चिप होती आणि प्रत्येक पाऊल तीच ठरवत असे.

त्या दुपारी सूर्यावर वादळ उठलं आणि चिपा बंद पडल्या. गस्तीवर गेलेले बारा कमांडो जागीच थिजले. पुढचं पाऊल कुठे टाकावं, कुणालाच उमजेना.

पायदळाचे हवालदार येडगे काठीने बर्फ चाचपत त्यांच्यापर्यंत पोचले. एकेकाला दोराला बांधून त्यांनी बाराही जणांना चौकीवर आणलं. जवानांनी शिट्ट्या मारून चौकी दणाणून सोडली.

सकाळी चिपा पुन्हा सुरू झाल्या. तरी गस्तीला निघताना कमांडोंचे कॅप्टन देवल येडग्यांसमोर येऊन उभे राहिले.

“येडगे, तुमच्या दावणीत जागा आहे का?”

“आहे की, साहेब. पण पुढे मी चालणार.”