तीन वाजताची सावली

सोलरचं कोटेशन द्यायला आता माणसं गच्चीवर चढत नसत. कंपन्यांची यंत्रं उपग्रहाच्या फोटोवरून भाव सांगत आणि लोक सर्वांत स्वस्त निवडून मोकळे होत. हौसाताई कोष्टी त्यांतल्या नव्हत्या. वीस उन्हाळे त्यांनी या गच्चीवर गल्लीभरच्या कुरडया वाळवल्या होत्या.

त्यांनी फोन कठड्याला टेकवला आणि तीन कंपन्यांच्या यंत्रांना एकच प्रश्न विचारला.

"पश्चिमेच्या कोपऱ्यात दुपारी तीनला ऊन असतं का?"

"भरपूर," पहिलं म्हणालं. दुसऱ्यानं टक्केवारीही सांगितली. शेजाऱ्यांनी दिवाळीत उंचावलेली पाण्याची टाकी दोघांनाही माहीत नव्हती. तीन वाजले की तिच्या सावलीतून हौसाताईंना कुरडयांची चादर ओढून घ्यावी लागे.

तिसरं यंत्र म्हणालं, "माझ्याकडचा फोटो जुना आहे, ताई. तुम्हीच सांगा."

काम त्यालाच मिळालं. हौसाताईंनी सावलीच्या कडेनं खडूनं रेष आखली आणि पॅनल तिच्या उन्हाकडच्या बाजूलाच बसले.

महिन्याभरानं त्याच यंत्राचा फोन आला.

"ताई, माळी गल्लीतली एक गच्ची बघायला याल? तुम्ही पाहिल्याशिवाय मी आता भाव देत नाही."

हौसाताईंनी पदर खोचला, खडू घेतला आणि सुनेला हाक मारली.

"कुरडयांकडे बघ गं जरा. मला कामावर जायचंय."