घरचं बी

अठ्ठ्याण्णव साल. जनुकं बदललेलं कंपनीचं बियाणं देशाच्या मातीत पडू द्यायचं नाही, म्हणून कोरेगावजवळच्या एका गावात सभा होती. सभेला आलेल्या कार्यकर्त्यांचं जेवण रंगूबाईंकडं. "पावण्यांस्नी रेशनचं घालू नगंस, घरातला चांगला शाळू दळून आण," असं सुनेला बजावून त्या सभेत पुढं जाऊन बसल्या.

"कंपनीचं बी शिरलं, की घरचं बी संपलं!" वक्ते गरजले. सगळ्यांत जोरात टाळ्या रंगूबाईंच्या.

दुपारी भाकरीचा पहिला घास घेऊन वक्ते थबकले. "मावशी, ही चव आता कुठं मिळत नाही."

"माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलेला शाळू हाय. गावात समदी दुकानातली पिशवी आणत्यात. मी न्हाई. दरसाली घरचंच बी राखती."

"मावशी, हेच कंपनीला उत्तर! ओंजळभर बी द्या. गावोगाव वाढवू."

रंगूबाईंचा ऊर भरून आला. "पूजा, उतरंडीतलं कडुलिंबाचा पाला घातलेलं बियाचं मडकं आण गं."

सुनेनं मडकं आणून पुढ्यात ठेवलं. आत नुसता पाला होता.

"आवं आत्ती," ती हळूच म्हणाली, "घरात चांगला शाळू त्योच हुता."

पंगतीतले सगळे हात थांबले. वक्त्यांच्या ताटात अजून चतकोर भाकरी होती.

 

"खावा," रंगूबाई म्हणाल्या. "भाकरी पेरून काय उगवत न्हाई."