उरलेला तुकडा

चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आलेलं प्रत्येक जिगसॉ, म्हणजे तुकडे जुळवायचं चित्रकोडं, ईनिड विकण्याआधी जुळवून बघायची. आज चित्र पूर्ण होऊनही एक तुकडा उरला: मेंढीचं तोंड! डब्यावर ईनिडचंच अक्षर होतं. पंधरा वर्षांपूर्वी तिनेच तो बहिणीला दिला होता. तेव्हाच घरच्या मेंढ्यांच्या जिगसॉतला हा तुकडा हरवला म्हणून तिने नवऱ्याला धारेवर धरलं होतं. बिचाऱ्या सेड्रिकने पुठ्ठा रंगवून मेंढी बसवली, तर झाला कुत्रा. चौकटीत घालून भिंतीवर टांगलेल्या त्या जिगसॉवरून तिचे टोमणे अजून चालू होते. घरी टॅबवर जिगसॉ जुळवणारा सेड्रिक म्हणाला, “यात तुकडे हरवत नाहीत. बोलणी खायला नकोत!” ईनिडने तुकडा पुढे ठेवला. “मीच चुकून बहिणीच्या डब्यात भरला होता रे.” तो खदखदून हसत स्क्रूड्रायव्हर घेऊन चौकट उतरवायला उठला. “खबरदार!” ती कडाडली. “कुत्रा काढलास, तर माझ्या मेंढ्या राखणार कोण?”